गोल्फ पर्यटन

गोल्फ पर्यटन म्हणजे आपल्या नेहमीच्या मैदानाबाहेर गोल्फ खेळता यावा म्हणून केलेला प्रवास, किंवा अन्य कारणाने घडणाऱ्या प्रवासात गोल्फसाठी काढलेली सवड. याचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात: केवळ खेळासाठी आखलेली सहल, कामानिमित्तच्या दौऱ्याला जोडून घेतलेला खेळ आणि कौटुंबिक सहलीत खेळलेली एखादी फेरी. पहिल्या प्रकारात संपूर्ण वेळापत्रक खेळाभोवती रचलेले असते. उरलेल्या दोन प्रकारांत मात्र आधीच ठरलेल्या वेळापत्रकात खेळाला जागा शोधावी लागते.

गोल्फची अठरा होलांची पूर्ण फेरी संपण्यास सामान्यतः चार ते साडेचार तास लागतात. मैदानापर्यंतचा प्रवास, सराव आणि खेळानंतरचा वेळ धरल्यास ही फेरी अर्ध्या दिवसाहून अधिक काळ घेते. खेळासाठी मोठे क्षेत्र, भरपूर पाणी आणि अवजड साहित्यही लागते. त्यामुळे प्रवासातील गोल्फ हा केवळ खेळाडूच्या हौशीचा विषय राहत नाही. त्यात कुटुंबाचा वेळ, नोकरी देणाऱ्या संस्थेचा पैसा आणि स्थानिक लोकांची जमीन व पाणी यांचेही हितसंबंध गुंतलेले असतात.

## इतिहास

### रेल्वे आणि किनारी मैदाने

आधुनिक गोल्फ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळूमिश्रित, गवताळ पट्ट्यांवर घडला. अशा पट्ट्यांना 'लिंक्स' म्हणतात. सेंट अँड्र्यूज येथील ओल्ड कोर्सवर १७६४ मध्ये बावीस होलांऐवजी अठरा होलांची फेरी ठरवण्यात आली आणि पुढे हीच संख्या जगभर प्रमाण मानली गेली. प्रवासी गोल्फपटूपुढची वेळेची अडचण एका अर्थाने याच संख्येतून आली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेमुळे ग्लासगो, एडिंबरो व लंडन येथील मध्यमवर्गाला समुद्रकिनारी सुट्टी घालवणे शक्य झाले. रेल्वे कंपन्यांनी प्रवासी वाढावेत म्हणून गोल्फची मैदाने आणि त्यांना लागून हॉटेले उभारली. ग्लासगो अँड साऊथ वेस्टर्न रेल्वेने टर्नबेरी येथे बांधलेले हॉटेल १९०६ मध्ये सुरू झाले. कॅलेडोनियन रेल्वेच्या पुढाकारातून आकारास आलेले ग्लेनईगल्सचे हॉटेल १९२४ मध्ये उघडले. उत्तरेकडील दुर्गम डॉरनॉक गावापर्यंत १९०२ मध्ये रेल्वे पोहोचली आणि तेथील मैदान दूरच्या खेळाडूंच्या आवाक्यात आले.

डॉरनॉकमध्ये १८७२ साली जन्मलेले डॉनल्ड रॉस पुढे अमेरिकेत गेले व तेथील प्रमुख मैदानरचनाकारांपैकी एक ठरले. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील पाइनहर्स्ट हे गाव जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी १८९५ मध्ये हवापालटाचे ठिकाण म्हणून वसवले होते. तेथे रॉस यांनी रचलेले 'क्रमांक दोन' हे मैदान १९०७ मध्ये पूर्ण झाले आणि विश्रांतीचे ते गाव गोल्फसाठीच ओळखले जाऊ लागले. कुटुंबासह राहण्याची सोय आणि दाराशी मैदान ही रिसॉर्टची कल्पना अशा ठिकाणी रुजली.

आशियातही रेल्वेचा असाच प्रभाव दिसतो. थायलंडमधील हुआ हिन येथील गोल्फ मैदान १९२४ मध्ये तयार झाले. ते रेल्वे स्थानकाला लागूनच आहे.

### भारतातील आरंभ

ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब भारतात आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ मध्ये झाली. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईत क्लब निघाला. बदलीच्या नोकरीतील लष्करी व मुलकी अधिकारी एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर जाताना हा खेळ सोबत घेऊन गेले. त्यामुळे भारतातील जुनी मैदाने प्रामुख्याने बंदरे, छावण्या आणि थंड हवेची ठिकाणे येथे आढळतात.

उन्हाळ्यात कचेऱ्या व कुटुंबे डोंगरावर हलत असल्याने तेथील गोल्फ हा कामाचा प्रवास आणि कौटुंबिक मुक्काम या दोहोंशी आरंभापासूनच निगडित होता. कोडाईकनाल गोल्फ क्लब १८९५ मध्ये स्थापन झाला. शिलाँगचे मैदान १८९८ मध्ये नऊ होलांनी सुरू झाले व १९२४ मध्ये ते अठरा होलांचे झाले. सिमल्याजवळील नालदेहरा येथील नऊ होलांच्या मैदानाचे श्रेय व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना दिले जाते. त्यांच्या धाकट्या मुलीच्या नावातही या स्थळाचे नाव आले आहे. काश्मीरमधील गुलमर्गचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे अशा उंचीवर चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो आणि पाहुण्या खेळाडूला काठीची निवड नव्याने करावी लागते.

### विमानयुग

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास सुलभ झाल्यावर उन्हाळी देशांत हिवाळी गोल्फ खेळण्याची प्रथा वाढली. स्पेनचा दक्षिण किनारा, पोर्तुगालचा अल्गार्व प्रांत, अमेरिकेतील फ्लोरिडा व ॲरिझोना आणि पुढे थायलंड ही त्याची प्रमुख केंद्रे ठरली. दुबईतील एमिरेट्स गोल्फ क्लब १९८८ मध्ये सुरू झाला. हिरवळीचे मैदान पश्चिम आशियात त्यापूर्वी नव्हते, असे मानले जाते. त्याआधी त्या प्रदेशातील खेळाडू वाळूच्या मैदानांवर खेळत. चेंडू ठेवण्यासाठी ते कृत्रिम गवताचा लहान तुकडा सोबत बाळगत आणि ग्रीनऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे 'ब्राउन' वापरत.

गोल्फ सहली आयोजित करणाऱ्या व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना (आयएजीटीओ) १९९७ मध्ये स्थापन झाली. यावरून हा पर्यटनाचा स्वतंत्र व्यवसाय झाला असल्याचे दिसते.

## वेळेचे नियोजन

### फेरीचा कालावधी

मैदानावर खेळाडूंचे गट ठरावीक अंतराने, बहुधा आठ ते दहा मिनिटांनी सोडले जातात. गटाला मिळालेल्या या वेळेस 'टी-टाइम' म्हणतात. एका गटात जास्तीत जास्त चार खेळाडू असतात. पुढचा गट संथ असेल तर मागच्या सर्व गटांचा खेळ रेंगाळतो. म्हणून प्रवासातील खेळाडू शक्यतो पहाटेच्या पहिल्या काही वेळा निवडतात. त्या वेळी पुढे गर्दी नसते आणि फेरी केव्हा संपेल याचा अंदाज चुकण्याचा संभव कमी असतो.

खेळाचा वेग वाढावा या हेतूने २०१९ च्या नियमावलीत काही बदल करण्यात आले. हरवलेला चेंडू शोधण्यासाठीची पाच मिनिटांची मुभा तीन मिनिटांवर आणली गेली. प्रत्येक फटका चाळीस सेकंदांच्या आत मारावा, अशी शिफारस करण्यात आली. होलपासून सर्वांत दूर असलेल्याने आधी खेळावे हा संकेत आहे. मात्र स्ट्रोक प्ले प्रकारात जो तयार असेल त्याने सुरक्षितपणे आधी खेळण्यास आता प्रोत्साहन दिले जाते.

### नऊ होलांची फेरी

वेळ अपुरा असल्यास नऊ होलांची फेरी हा सर्वांत सोयीचा पर्याय असतो. तिला सुमारे दोन ते सव्वादोन तास लागतात. सकाळी साडेसहाला सुरुवात केल्यास पावणेनऊच्या सुमारास ती संपते. मुक्काम जवळ असेल तर खेळाडू कुटुंबासोबत न्याहारीला किंवा दहाच्या बैठकीला पोहोचू शकतो. अठरा होलांच्या फेरीत हीच सुरुवात अकरापर्यंत लांबते आणि परतताना दुपार होते.

नऊ होलांचा खेळ पूर्वी अपुरा मानला जात असे. ही दृष्टी अलीकडे बदलली आहे. गोल्फची नियामक संस्था असलेल्या आर अँड ए ने २०१६ पासून नऊ होलांची स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. मुळात लहान अशी मैदानेही बांधली जाऊ लागली. अमेरिकेतील बँडन ड्यून्स येथे २०१२ मध्ये तेरा होलांचे आणि पाइनहर्स्ट येथे २०१७ मध्ये केवळ ७८९ यार्ड लांबीचे नऊ होलांचे मैदान सुरू झाले. अशा मैदानांवर मुले, वृद्ध व नवशिके सहज सहभागी होऊ शकतात.

पूर्ण मैदानावर जाणे शक्य नसल्यास सराव मैदान (ड्रायव्हिंग रेंज) किंवा घरातील सिम्युलेटर यांचा आधार घेतला जातो. तेथे तासाभरातही सराव होतो. परंतु वारा, उतार आणि असमान जमीन यांचा अनुभव तेथे मिळत नाही.

### हँडिकॅप

खेळाडूच्या कुवतीचे आकड्यातील मोजमाप म्हणजे हँडिकॅप. त्यामुळे असमान कुवतीचे खेळाडू एकत्र खेळू शकतात. पूर्वी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती प्रचलित होत्या. २०२० मध्ये त्यांचे एकत्रीकरण होऊन जागतिक हँडिकॅप पद्धती लागू झाली. या पद्धतीत कमाल हँडिकॅप निर्देशांक ५४ आहे. तो प्रथम मिळवण्यासाठी एकूण ५४ होलांचे गुण नोंदवावे लागतात. हे होल नऊ-नऊच्या फेऱ्यांतूनही पूर्ण करता येतात.

२०२४ च्या सुधारणेनंतर नऊ होलांचे गुण लगेच हिशेबात धरले जातात. अठरा होलांची एकूण लांबी १,५०० यार्ड असलेल्या लहान मैदानांनाही आता या पद्धतीत स्थान मिळाले आहे. यामुळे प्रवासात खेळलेली छोटी फेरीही खेळाडूच्या अधिकृत नोंदीत येऊ शकते.

### ऋतू आणि दिनमान

प्रवासातील फेरी दिवसाच्या उजेडावर अवलंबून असते. स्कॉटलंडमध्ये जून महिन्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे दिवसभराचे काम किंवा कौटुंबिक भ्रमंती आटोपून सायंकाळी पूर्ण फेरी खेळता येते. मुंबईत डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातनंतर सूर्यास्त होतो. म्हणून येथे सायंकाळी बहुधा नऊ होलच शक्य होतात. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीतील धुक्यामुळे सकाळच्या वेळा पुढे ढकलल्या जातात. दुबई, गुरुग्राम अशा काही ठिकाणी प्रकाशझोतात रात्री खेळण्याची सोय आहे. सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या काही तासांसाठी अनेक मैदाने सवलतीचा दर आकारतात.

विजांचा कडकडाट सुरू झाल्यास खेळ तत्काळ थांबवणे आवश्यक असते. मोकळे मैदान, एकाकी झाडे आणि धातूची काठी यांमुळे हा धोका गंभीर असतो.

## कामाच्या प्रवासातील गोल्फ

चार तास एकत्र चालणे आणि फटक्यांमधील मोकळा वेळ यांमुळे गोल्फचे मैदान व्यावसायिक परिचयाचे ठिकाण बनले. जपानमध्ये ग्राहकाच्या आदरातिथ्यास 'सेत्ताई' म्हणतात आणि गोल्फ हे त्याचे प्रमुख साधन राहिले आहे. १९८० च्या दशकातील आर्थिक तेजीत तेथील नामांकित क्लबांची सदस्यत्वे शेअरप्रमाणे विकली जात आणि त्यांच्या किमती कोट्यवधी येनपर्यंत गेल्या होत्या. तेजी ओसरल्यावर त्या कोसळल्या. जपानी मैदानांवर नऊ होल झाल्यानंतर जेवणासाठी दीर्घ विश्रांती घेण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे तेथे एका फेरीत जवळपास पूर्ण दिवस जातो आणि घाईत असलेल्या प्रवाशाने हे आधीच गृहीत धरावे लागते.

अशा आदरातिथ्यातून हितसंबंध निर्माण होतात, या आक्षेपामुळे अनेक देशांनी त्यावर बंधने घातली. जपानमध्ये १९९९ च्या राष्ट्रीय लोकसेवा नीतिमत्ता कायद्याखालील नियमांनुसार सरकारी अधिकाऱ्यांना हितसंबंधी व्यक्तींसोबत गोल्फ खेळण्यास मनाई आहे. स्वतःचा खर्च स्वतः केला तरी ही मनाई कायम राहते. दक्षिण कोरियात २०१६ मध्ये लागू झालेल्या लाचप्रतिबंधक कायद्याने अधिकारी, शिक्षक व पत्रकार यांना दिल्या जाणाऱ्या मेजवान्या व गोल्फ आदरातिथ्यावर मर्यादा आल्या. अमेरिकेत २०१७ च्या करसुधारणा कायद्यानंतर ग्राहकांच्या करमणुकीवरील खर्चाची करातून वजावट मिळणे बंद झाले. भारतात वस्तू व सेवा कर कायद्यानुसार क्लबच्या सदस्यत्वावर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट व्यवसायांना सर्वसाधारणपणे मिळत नाही.

मैदानावरील परिचयांतून संधी मिळत असल्याने, ज्यांना तेथे प्रवेश नाही त्यांची हानी होते, हाही एक महत्त्वाचा आक्षेप आहे. तो प्रामुख्याने स्त्रियांच्या संदर्भात घेतला गेला. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या क्लबने २०१२ मध्ये प्रथम स्त्रियांना सदस्यत्व दिले. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने २०१४ मध्ये आणि म्युअरफील्डच्या क्लबने २०१७ मध्ये मतदानाने तसा निर्णय घेतला.

दौऱ्यावरील खेळाडूसाठी विमानतळालगतची मैदाने सोयीची ठरतात. बँकॉकच्या डॉन म्युआंग विमानतळावरील कान्तारात हे मैदान दोन धावपट्ट्यांच्या मधल्या जागेत तयार करण्यात आले. पुण्यात येरवडा भागातील पूना गोल्फ क्लब लोहगाव विमानतळाच्या वाटेवर आहे.

## कौटुंबिक सहलीतील गोल्फ

कौटुंबिक सहलीत एकाच्या खेळासाठी इतरांना थांबून राहावे लागते. सुट्टीचा दिवस मैदानावर घालवणाऱ्या पुरुषाच्या पत्नीस इंग्रजीत विनोदाने 'गोल्फ विडो' म्हटले जाते. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. पाच दिवसांच्या सहलीत अठरा होलांच्या दोन फेऱ्या म्हणजे जागेपणीच्या वेळेचा सुमारे पाचवा भाग होतो. शिवाय त्या काळात मुलांची जबाबदारी एकाच पालकावर पडते. हा भार लक्षात न घेतल्यास सहलीत कुरबुरी होतात.

या अडचणीवर काही उपाय रूढ झाले आहेत. इतर मंडळी उठण्यापूर्वी नऊ होल खेळून परतणे हा त्यांतील सर्वांत साधा उपाय होय. खेळाचा दिवस व वेळ निघण्यापूर्वीच सर्वांच्या संमतीने ठरवणे, आणि जोडीदारालाही तेवढाच मोकळा वेळ मिळेल अशी योजना करणे, हे दोन्ही उपयुक्त ठरते. मुक्कामाच्या आवारातच मैदान असल्यास जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. सहलीच्या पहिल्या दिवशी प्रवासाचा थकवा असतो आणि शेवटच्या दिवशी विमान किंवा गाडी चुकण्याची धास्ती असते. म्हणून मधला दिवस अधिक सोयीचा मानला जातो.

कुटुंबाला खेळात सामील करून घेणे हा दुसरा मार्ग आहे. सेंट अँड्र्यूज येथे 'हिमालयाज' नावाचे उंचसखल पटिंग मैदान आहे. ते १८६७ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबचे असून अल्प शुल्कात कोणालाही तेथे खेळता येते. लगतच्या ओल्ड कोर्सवर काही मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी व पर्यटक मुलाबाळांसह तेथे फिरायला येतात. जगातील सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदान आठवड्यातून एक दिवस सार्वजनिक उद्यान होते, याचे कारण ती जमीन सार्वजनिक मालकीची आहे.

मुलांसाठी उंचीनुसार लहान व हलक्या काठ्या मिळतात. प्रौढांची काठी कापून मुलाला दिल्यास ती जड व ताठ राहते आणि खेळण्याची ढब बिघडते.

## मैदानात प्रवेश

पाहुण्या खेळाडूला प्रवेश देण्याचे नियम ठिकाणानुसार भिन्न असतात. सार्वजनिक मैदानांवर शुल्क भरून कोणीही खेळू शकतो. खासगी क्लबमध्ये सदस्याचा पाहुणा म्हणून किंवा संलग्न क्लबचा सदस्य म्हणून जावे लागते. भारतातील जुन्या क्लबांमध्ये परस्पर संलग्नतेची पद्धत आहे. आपल्या क्लबचे परिचयपत्र दाखवून दुसऱ्या शहरातील संलग्न क्लबच्या सोयी वापरता येतात. लष्कराच्या ताब्यातील मैदानांवर नागरिकांना प्रवेशासाठी पूर्वपरवानगी लागते. सदस्य, पाहुणे आणि परदेशी नागरिक यांच्यासाठी मैदानशुल्काचे दर बहुधा वेगवेगळे असतात.

ओल्ड कोर्सवरील बऱ्याचशा वेळा दोन दिवस आधी काढल्या जाणाऱ्या सोडतीने वाटल्या जातात. एकट्या प्रवाशांसाठी वेगळी सोडत असते. सोडतीत नाव न लागल्यास पर्यायी बेत तयार ठेवणे इष्ट असते, कारण संपूर्ण सहल एका फेरीवर विसंबून आखल्यास निराशा होण्याचा संभव असतो. तसेच अनेक क्लब पाहुण्यांकडे हँडिकॅपचा दाखला मागतात आणि पोशाखाचे नियम पाळावयास लावतात. कॉलर असलेला सदरा आणि विनाकॉलर टी-शर्टला मनाई हा त्यांतील सर्वांत प्रचलित नियम आहे.

भारत व थायलंडमधील बहुतेक मैदानांवर कॅडी घेण्याची पद्धत आहे. कॅडीला मैदानाचे चढउतार, वाऱ्याची दिशा आणि ग्रीनचा कल ठाऊक असतो. अनोळखी मैदानावर त्याच्या सल्ल्यामुळे खेळ सुधारतो व वेळही वाचतो. कॅडींची कमाई बहुधा फेरीगणिक असल्याने पावसाळ्यात ती घटते. दिल्लीत कॅडीचे काम केलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत.

## साहित्याची वाहतूक

नियमानुसार फेरीत जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. ही मर्यादा १९३८-३९ पासून लागू आहे. काठ्या, चेंडू, बूट व पिशवी मिळून वजन साधारणतः बारा ते पंधरा किलो भरते. विमानाच्या केबिनमध्ये काठ्या नेण्यास मनाई असल्याने त्या सामानात द्याव्या लागतात. अनेक विमान कंपन्यांत एका नगाची कमाल मर्यादा ३२ किलो असते. गोल्फचे सामान क्रीडासाहित्य म्हणून वेगळे नोंदवावे लागते का, हे तिकीट काढतानाच पाहिलेले बरे असते. अंतरमापकाच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र सामानात न देता केबिनमध्येच न्याव्या लागतात.

सर्वांत लांब काठी म्हणजे ड्रायव्हर. प्रवासात तिचे डोके तुटण्याची शक्यता अधिक असते. म्हणून डोके सुटे करता येत असल्यास ते काढून कपड्यांत गुंडाळतात किंवा पिशवीत काठ्यांपेक्षा उंच असा आधारदंड ठेवतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. बुटांना माती किंवा गवत चिकटलेले असल्यास तेथे ते सीमातपासणीत जाहीर करावे लागते. त्यामुळे निघण्यापूर्वीच बूट स्वच्छ धुतले जातात.

एक-दोन फेऱ्यांसाठी स्वतःचे साहित्य नेण्यापेक्षा मैदानावर भाड्याने घेणे अनेकदा स्वस्त पडते. असे खेळाडू केवळ बूट, हातमोजा व काही चेंडू सोबत ठेवतात. डावखुऱ्या खेळाडूंनी मात्र भाड्याच्या काठ्यांची आगाऊ चौकशी करणे आवश्यक असते. जपानमध्ये यामातो या कंपनीने १९८४ मध्ये घरापासून मैदानापर्यंत गोल्फचे सामान पोहोचवणारी कुरिअर सेवा सुरू केली. त्यामुळे तेथील प्रवासी रेल्वेने रिकाम्या हाताने जाऊ शकतात.

## महाराष्ट्र व गोवा

मुंबईतील चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये स्थापन झाला. ताडदेव भागातील विलिंग्डन क्लबचे मैदानही शहराच्या मध्यवर्ती भागात आहे. पुण्यात येरवड्याखेरीज बावधन परिसरातही मैदान आहे, तर लोणावळ्याच्या दक्षिणेस डोंगराळ भागात रिसॉर्टला जोडून गोल्फची सोय करण्यात आली आहे. नाशिक शहरातील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आता क्रिकेटचे सामने होतात. तरी बोलीत ते 'गोल्फ क्लब मैदान' म्हणूनच ओळखले जाते.

जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनारपट्टी व मुंबई येथे मुसळधार पावसामुळे खेळ वारंवार खंडित होतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल असतो. मात्र दिवाळी व नाताळच्या सुट्ट्या याच काळात येत असल्याने मुक्काम आणि खेळाची वेळ यांचे आरक्षण लवकर करावे लागते.

गोव्यात अठरा होलांच्या मोठ्या मैदानांऐवजी दक्षिणेकडील काही किनारी हॉटेलांच्या आवारातील लहान मैदाने प्रचलित आहेत. कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर असताना दोन तासांत खेळ आटोपता येत असल्याने सुट्टीतील पर्यटकांना ती सोयीची ठरतात.

## पर्यावरण आणि टीका

अठरा होलांच्या मैदानासाठी साधारणपणे ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. हिरवळ टिकवण्यासाठी पाणी, खते व कीटकनाशके यांचा सातत्याने वापर करावा लागतो. पर्यटनाचा हंगाम बहुतेक ठिकाणी कोरडा असतो. त्यामुळे स्थानिकांना पाण्याची सर्वाधिक टंचाई भासते, त्याच महिन्यांत मैदानालाही सर्वाधिक पाणी लागते.

जपानमध्ये १९८७ च्या रिसॉर्ट कायद्यानंतर गोल्फ मैदानांची संख्या झपाट्याने वाढली आणि कीटकनाशकांमुळे पाणी दूषित होत असल्याच्या तक्रारींतून चळवळ उभी राहिली. त्या चळवळीसह आग्नेय आशियातील संघटनांनी मिळून १९९३ मध्ये जागतिक गोल्फविरोधी चळवळ सुरू केली. २९ एप्रिल हा दिवस 'गोल्फमुक्त दिन' म्हणून पाळण्याचे आवाहन तिने केले.

गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या हद्दीलगत असलेल्या तेरेखोल गावात गोल्फ-रिसॉर्टचा प्रकल्प प्रस्तावित झाला. २०१० च्या दशकात ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवरील कुळांचे हक्क, काजूची झाडे आणि किनारी पर्यावरण हे त्यांच्या आक्षेपाचे मुद्दे होते. हा वाद न्यायालयात व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. प्रकल्पाच्या समर्थकांनी रोजगाराचा मुद्दा मांडला, तर विरोधकांच्या मते जमीन गेल्यावर मिळणारी नोकरी ही जमिनीची भरपाई ठरू शकत नाही.

या टीकेनंतर अनेक मैदानांनी उपाययोजना केल्या. शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा वापर, खारे पाणी सोसणाऱ्या पॅस्पॅलमसारख्या गवताची लागवड आणि खेळात न येणारा भाग नैसर्गिक अवस्थेत राखणे हे त्यांतील प्रमुख उपाय होत. शहरांतील जुनी मैदाने दाट वस्तीत मोकळी जागा व पक्ष्यांना आसरा देतात, असाही युक्तिवाद केला जातो. मात्र त्या जागेवर मोजक्या सदस्यांचाच हक्क असावा का, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. सेंट अँड्र्यूजच्या रविवारचे उदाहरण या चर्चेत अनेकदा दिले जाते.

## हेही पहा

* गोल्फ
* सेंट अँड्र्यूज
* रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब
* थंड हवेची ठिकाणे
* शाश्वत पर्यटन
* तेरेखोल